अप्रकाशित रूपांतर आणि पाठविचार : 'डाँकी काँग'च्या निमित्ताने

भीमाशंकरच्या परिसरातील, म्हणजे मुख्यतः आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील बोलीचे जे ध्वनिमुद्रण आमच्या संग्रही आहे, त्याच्या अंकीय प्रती करण्याचे काम सध्या चालू आहे. हे मुद्रण सुमारे तीस वर्षांपूर्वीचे असून साध्या कॅसेटांवर केलेले आहे. त्यांपैकी एका कॅसेटच्या पहिल्या बाजूस भातलावणीविषयी एका वृद्ध स्त्रीचे निवेदन आहे. दुसऱ्या बाजूविषयी नोंदवहीत 'आवाज खराब. पुसून वापरावी' असा शेरा आढळला. सुदैवाने तो कोणी अमलात आणला नव्हता. ऐकून पाहता प्रथम काही सेकंद एकसुरी शिटी, मग क्षणभर खरखर, पुन्हा शिटी आणि त्यानंतर दीर्घकाळ खरखर असा क्रम लागला. हा बिघडलेला आवाज नव्हे. ती एका घरगुती संगणकाची आज्ञावली होती. क्षेत्रकार्यास निघालेल्या कोणी तरी घरातील वापरलेली कॅसेट सोबत घेतली असावी आणि तिची एकच बाजू खर्ची पडली असावी.

या आज्ञावलीविषयी पुढे लिहावयाचे आहेच. परंतु तिच्यामुळे जो प्रश्न उपस्थित झाला तो अधिक व्यापक आहे. जी कृती रचली गेली, काही वेळा पूर्णही झाली, परंतु कधी प्रसिद्ध झाली नाही, तिला 'पाठ' म्हणावे काय? हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. संगणकाच्या क्षेत्रात मात्र तो एका विशिष्ट वर्गाच्या कृतींबाबत फार तीव्रतेने उभा राहतो. तो वर्ग म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील खेळांची घरगुती संगणकांसाठी केलेली, पण बाजारात न आलेली रूपांतरे.

येथे 'रूपांतर' हा शब्द मराठी वाचकास परिचित अशाच अर्थाने घ्यावा. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले. तेव्हा मूळ कृतीतील काय राखावे, काय सोडावे आणि काय नव्याने बसवावे हे त्यांस ठरवावे लागले. १९८०च्या दशकातील खेळांच्या रूपांतरकारांपुढेही हाच प्रश्न होता. फरक एवढाच की त्यांना बंधन भाषेचे नसून यंत्राचे होते. व्हिडिओ गेमच्या पार्लरमधील यंत्र एकाच खेळासाठी बांधलेले असे. घरगुती संगणक सर्व कामांसाठी बांधलेला असे, आणि म्हणून कोणत्याही एका कामात तो उणा पडे.

'डाँकी काँग' या निन्टेन्डोच्या १९८१ सालच्या खेळाचे उदाहरण घेऊ. त्याची कल्पना शिगेरू मियामोतो यांची. तुळयांवरून व शिड्यांवरून चढत जाणारा एक सुतार, वरून पिंपे लोटणारा वानर, आणि सोडवून आणावयाची तरुणी, एवढीच त्याची कथा. खेळाचे चार प्रवेश आहेत. यंत्राचा पडदा उभा होता, २२४ बिंदू रुंद आणि २५६ बिंदू उंच. घरातील दूरचित्रवाणीचा पडदा आडवा, आणि त्या काळच्या बहुतेक घरगुती संगणकांना उंचीत १९२ बिंदूच उपलब्ध होते. चढणे हाच ज्या खेळाचा प्राण, त्याची उंचीच कापली जाणार! ओवीचा मजकूर श्लोकात बसविताना चरणांची संख्या तीच राहिली तरी श्वास बदलतो, तसेच हे आहे. तुळयांमधील अंतर कमी करावे तर उडी मारावयास जागा उरत नाही. तुळईच कमी करावी तर मूळ खेळणाऱ्यास ती तत्काळ जाणवते. १९८२ मध्ये कोलेको कंपनीच्या 'कोलेकोव्हिजन' या खेळयंत्राबरोबर जे रूपांतर दिले गेले त्यात सरकत्या पट्ट्यांचा एक प्रवेश गाळलेलाच होता. अटारीच्या घरगुती संगणकांसाठी लँडन डायर यांनी केलेल्या, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूपांतरात चारही प्रवेश आहेत. संहितेच्या भाषेत बोलावयाचे तर पहिली संक्षिप्त वाचना, दुसरी विस्तृत.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक रस वाटावा अशी गोष्ट याच्या आधीची आहे. रूपांतरकाराच्या हाती मूळ आज्ञावलीची लिखित संहिता बहुधा नसेच. त्याला यंत्र दिले जाई आणि त्याने ते खेळून पाहावे एवढीच अपेक्षा असे. पिंप शिडीवरून केव्हा खाली उतरते आणि केव्हा सरळ पुढे जाते, यामागचा नियम त्याने निरीक्षणाने काढावयाचा. व्याकरण नसलेल्या बोलीचा अभ्यासक ज्या रीतीने काम करतो, तीच ही रीत. वक्ता नियम सांगत नाही, वाक्ये बोलतो. नियम आपण अनुमानावे लागतात, आणि नंतर नवे वाक्य रचून वक्त्यास 'असे म्हणता का?' म्हणून विचारावे लागते. रूपांतर हे या दृष्टीने मूळ खेळाचे एका श्रोत्याने रचलेले व्याकरण होय. ते चुकीचे असू शकते, आणि ज्या ठिकाणी ते चुकते तेथे त्या श्रोत्याने काय ऐकले हे आपल्याला कळते. म्हणून सदोष रूपांतरही अभ्यासास टाकाऊ ठरत नाही.

यात एक विलक्षण भर अशी की 'डाँकी काँग'च्या बाबतीत खुद्द निन्टेन्डोकडेही मूळ संहिता नव्हती. प्रत्यक्ष आज्ञावली लिहिली ती इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्याच जपानी कंपनीने. पुढचा खेळ, 'डाँकी काँग ज्युनिअर', करताना निन्टेन्डोने यंत्रातील आज्ञावली उलट दिशेने उलगडून तिचा उपयोग केला. त्यावरून इकेगामीने १९८३ मध्ये दावा लावला आणि तो १९९० मध्ये आपसांत मिटला. खेळाच्या स्मृतिपटलात इकेगामीच्या अभियंत्यांनी एक मजकूर दडवून ठेवला होता. आज्ञावली उलगडणाऱ्याचे अभिनंदन करून त्यात कंपनीचे नाव व दूरध्वनी क्रमांक दिला आहे. भीमाशंकरच्या देवळापुढे टांगलेली, वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी वाहिलेली पोर्तुगीज घंटा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वस्तूचा धनी बदलला तरी घडविणाऱ्याची खूण कशी टिकते हे वेगळे सांगावयास नको.

आता अप्रकाशित रूपांतराकडे वळू. निन्टेन्डोने 'डाँकी काँग'चे हक्क वाटून दिले होते. खेळयंत्रावरील कार्ट्रिजचे हक्क कोलेकोकडे, घरगुती संगणकावरील रूपांतराचे हक्क अटारीकडे. कागदावर ही वाटणी स्वच्छ होती. परंतु ती 'खेळयंत्र' आणि 'संगणक' या दोन शब्दांच्या अर्थांवर उभी होती, आणि हे अर्थ त्या काळी स्थिर नव्हते. १९८३ च्या जून महिन्यात शिकागो येथील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात कोलेकोने 'अ‍ॅडम' नावाचा आपला नवा घरगुती संगणक मांडला, आणि त्यावर 'डाँकी काँग' चालवून दाखविला. अ‍ॅडम हा संगणक तर खरा. त्याला टंकलेखनाचा कळफलक होता, मुद्रकही होता. परंतु तो कोलेकोव्हिजनच्याच रचनेवर बांधलेला असून त्या यंत्राची कार्ट्रिजे त्यावर चालत. मग त्यावर चाललेला खेळ कोणाच्या हक्कातला?

त्याच प्रदर्शनाच्या सुमारास अटारी व निन्टेन्डो यांच्यामध्ये एक मोठा करार होऊ घातला होता. निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे नवे खेळयंत्र जपानबाहेर अटारीने विकावे, असा तो बेत. अ‍ॅडमवर 'डाँकी काँग' चाललेला पाहून अटारीचे अधिकारी संतापले. निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी कोलेकोचे आर्नल्ड ग्रीनबर्ग यांस ते रूपांतर मागे घेण्यास सांगितले. वस्तुतः हे रूपांतर कार्ट्रिजवर असल्याने शब्दशः पाहता करारभंग झालाच नव्हता, असा युक्तिवाद कोलेकोस शक्य होता. तथापि ग्रीनबर्ग यांनी माघार घेतली. पुढच्याच महिन्यात अटारीचे प्रमुख रे कासार यांना पद सोडावे लागले, अटारी व निन्टेन्डो यांचा करार बारगळला, आणि ज्या कारणासाठी अ‍ॅडमवरचा खेळ बाजूस ठेवला गेला ते कारणच उरले नाही. खेळ मात्र बाजूसच राहिला.

या प्रकरणाचा उल्लेख बहुधा व्यापाराच्या इतिहासातील एक चुकामूक म्हणून होतो. मला ते शब्दार्थविचाराचे उदाहरण वाटते. व्याख्येवर आधारलेला करार आणि व्याख्या ओलांडणारी वस्तू यांच्या कात्रीत एक संपूर्ण कृती सापडली. तिच्या गुणदोषांशी या निर्णयाचा काडीमात्र संबंध नव्हता. वाङ्मयाच्या इतिहासात आपण 'काळाच्या ओघात टिकले ते उत्तम' असे सहज बोलून जातो. प्रकाशनाची घटना कृतीच्या गुणावर क्वचितच अवलंबून असते, हे अशा उदाहरणांवरून ध्यानी यावे.

दुसरे उदाहरण थोडक्यात पुरेल. लँडन डायर यांनीच पुढे नामको कंपनीच्या १९८२ च्या 'सुपर पॅक-मॅन' या खेळाचे अटारीच्या संगणकांसाठी रूपांतर केले. ते प्रसिद्ध झाले नाही. त्या काळात अमेरिकेतील खेळांचा बाजार कोसळला होता, आणि १९८४ च्या जुलैमध्ये वॉर्नर कंपनीने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रामिएल यांना विकला. खेळाच्या प्राथमिक प्रती मात्र लोकांच्या हाती राहिल्या आणि पुढे संग्राहकांपर्यंत पोहोचल्या, म्हणून आज तो पाहता येतो. याच डायर यांच्या प्रसिद्ध 'डाँकी काँग'मध्ये त्यांच्या नावाची आद्याक्षरे दडलेली आहेत. ठराविक गुण, ठराविक क्रमाने जीव गमावणे इत्यादी अटी पाळल्या तरच ती दिसतात. ती २००९ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव व शक घालतो, त्या पुष्पिकेचाच हा प्रकार. ज्या व्यवस्थेत करणाऱ्याचे नाव वेष्टनावर छापले जात नसे, तेथे पुष्पिका पोथीच्या आत गेली.

मग अशा प्रतींना पाठ म्हणावे काय? पुण्यातील अभ्यासकांसमोर याचे एक भक्कम उत्तर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. सुकथनकरांनी तेथे जी पद्धती बसविली तिचे मर्म असे की कोणतीही एक प्रत म्हणजे ग्रंथ नव्हे; प्रती या साक्षी आहेत, आणि त्यांच्या परस्परसंबंधांवरून पाठ निश्चित करावयाचा असतो. साक्षीदाराची प्रतिष्ठा त्याच्या साक्षीच्या मूल्याहून वेगळी असते. हाच न्याय खेळाच्या प्राथमिक प्रतीस लावला तर ती छापील आवृत्तीहून कनिष्ठ ठरत नाही. किंबहुना तिच्यात पुढे गाळलेले प्रवेश, अर्धवट चाली, चाचणीसाठी ठेवलेल्या पळवाटा दिसतात, आणि त्यांवरून कर्त्याचा विचार कोणत्या क्रमाने झाला ते समजते. प्रसिद्ध आवृत्ती हे सर्व पुसून टाकते.

तथापि साधर्म्य फार ताणू नये. महाभारताच्या लेखनिकाने अक्षर चुकविले तरी वाचकास श्लोकाचा अर्थ बहुधा लागतो. भाषेत पुनरुक्ती भरपूर असते. आज्ञावलीत एक अंक चुकला तर कित्येकदा सर्वच ठप्प होते. शिवाय पोथी वाचावयास डोळे पुरतात. खेळ वाचावयास ते यंत्र, किंवा त्या यंत्राची नक्कल करणारी दुसरी आज्ञावली लागते. जुन्नरजवळ नाणेघाटात कातळावर कोरलेले खेळांचे पट आहेत, खळ्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. पट टिकला, तो कोणत्या नियमांनी खेळला जाई ते कातळ सांगत नाही. अप्रकाशित रूपांतराची अवस्था नेमकी उलटी आहे. त्यात नियम काटेकोर लिहिलेले असतात, परंतु ज्यावर ते लिहिले ते साहित्य कातळ नव्हे.

प्राथमिक प्रती बहुधा पुसता येणाऱ्या स्मृतिपटलांवर असत. त्या पटलाच्या माथ्यावर काचेची एक खिडकी असते, आणि तीतून अतिनील किरण गेले की लिहिलेले पुसले जाते. म्हणून खिडकीवर कागदाची चिठ्ठी डकवीत. ही चिठ्ठी गळून पडणे म्हणजे ग्रंथास वाळवी लागणे होय. चुंबकीय फितींची कथा वेगळी नाही. अ‍ॅडमच्या बाबतीत तर कहर असा की यंत्र चालू करताना जो विद्युच्चुंबकीय झोत निघे, त्याने आत राहिलेली किंवा जवळ ठेवलेली टेप पुसली जाऊ शके. वाचण्याचे साधनच पाठाचा नाश करते, असे उदाहरण पोथ्यांच्या जगात मला आठवत नाही.

हे सर्व परदेशातील यंत्रांविषयी आहे, त्याचे आम्हास काय, असे कोणी म्हणेल. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरच्या 'स्पेक्ट्रम प्लस' या घरगुती संगणकाची परवानाधारक आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात आणली. तो दूरचित्रवाणीस जोडावयाचा आणि आज्ञावली घरच्या टेपरेकॉर्डरवर साठवावयाची. याचा अर्थ असा की मराठी घरांत त्या काळी आज्ञावल्या लिहिल्या गेल्या, आणि त्या गाण्यांच्या, कीर्तनांच्या, व्याख्यानांच्या कॅसेटांशेजारीच पडून राहिल्या. कॉपीराइट कायद्याच्या १९८४ मधील दुरुस्तीने भारतात संगणक-आज्ञावली ही 'वाङ्मयीन कृती'च्या व्याख्येत घातली आहे. कायद्याने तिला वाङ्मय म्हटले. वाङ्मयाच्या विभागांनी अद्याप तिची सूचीही केलेली नाही. आमच्याच विद्यार्थ्यांचे १९९०च्या दशकातील मराठी टंकलिखित प्रबंध ज्या निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत फ्लॉपींवर आहेत, ते उघडले असता आज रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो. देवनागरीचा समावेश असलेला युनिकोड १९९१ मध्येच आला होता, पण टंकलेखकाच्या टेबलापर्यंत तो पोहोचावयास बराच काळ जावा लागला. तेव्हा हा प्रश्न परदेशाचा नाही आणि खेळांपुरताही नाही.

प्रारंभी उल्लेखिलेली कॅसेट स्पेक्ट्रमचीच निघाली. तिच्या ध्वनीचा आलेख पाहताना एक गोष्ट लक्षात आली, ती छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नोंदवून ठेवतो. या संगणकाच्या फितीवर शून्य आणि एक हे दोन अंक ध्वनीच्या दोन स्पंदांनी लिहिले जातात, आणि एकाचा स्पंद शून्याच्या स्पंदाच्या बरोबर दुप्पट लांब असतो. म्हणजे शून्य लघू, एक गुरू. एक मात्रा आणि दोन मात्रा. त्यामुळे काही भाग यंत्राविना, आलेख समोर ठेवून, वृत्त तपासावे तसा लगक्रमाने वाचता आला. काम अत्यंत कंटाळवाणे आहे. आठ मात्रास्थानांचे एक अक्षर, आणि एक गुरू लघू वाचला गेला की अक्षर बदलते.

पहिली छोटी खरखर ही आज्ञावलीची शीर्षनोंद असते. तीत दहा अक्षरांपर्यंत नाव आणि पुढे येणाऱ्या मजकुराची लांबी दिलेली असते. ही नोंद संपूर्ण वाचता आली. नाव रोमन लिपीत 'सापशिडी' असे आहे. लांबी सहा हजार अक्षरांहून थोडी अधिक. पार्लरमधील यंत्रावरचा हा खेळ नव्हे, पटावरचा आहे. तरी कोणी तरी तो एका माध्यमातून दुसऱ्यात नेऊ पाहत होते आणि तो प्रसिद्ध झाला नाही, एवढे नक्की. स्पेक्ट्रमवर त्याची फीत लावली असता दुसऱ्या गटाच्या मध्यावर यंत्र थांबते आणि फीत वाचण्यात चूक झाल्याचा संदेश देते. एका अंकाची चूक आणि हजार अंकांची चूक यांत यंत्र भेद करीत नाही. हाताने वाचताना तो करता येतो. आज्ञावलीच्या प्रत्येक ओळीस क्रमांक असल्याने तुटलेल्या जागेनंतर पुन्हा दुवा सापडतो.

आतापर्यंत साधारण एकतृतीयांश मजकूर लागला आहे. शंभर घरांची मांडणी दिसते. साप व शिड्या यांच्या जागांची जी यादी आहे तीत सापांच्या नोंदी पूर्ण आहेत आणि शिड्यांपैकी तीन वाचता येतात. त्यापुढे फीत चुरगळलेली असून तेथील आलेखाचे वाचन दोन विद्यार्थी स्वतंत्रपणे करीत आहेत. दोघांची वाचने जुळल्याखेरीज पाठ स्वीकारावयाचा नाही असे ठरविले आहे, आणि जेथे ती जुळत नाहीत तेथे दोन्ही पाठ टीपेत देण्यात येतील. मूळ कॅसेटवरील शेरा खोडलेला नाही. त्याखाली दिनांक घालून दुसरी नोंद केली आहे.